आपला भोंगा आपणच वाजवायचा

मार्च एंडिंगच्या धबडग्यात एका रात्री मला जाग आली ती टिटवाळ्याला. मी राहते डोंबिवलीत. सीएसएमटीला खिडकी मिळाली होती, ठाण्यापर्यंत फोनवर ऑफिसचे मेल बघत होते, पुढचं काही आठवत नाही. लेडीज डब्यात ड्यूटीवरचा पोलीस आणि मी, दोघंच. "मॅडम, गाडी संपली," तो म्हणाला. उतरले तर फोनची बॅटरी गेलेली, परतीच्या गाडीला वेळ आणि बाकड्याखाली एक कुत्रं झोपलेलं. त्याच बाकड्यावर बसले. पाच मिनिटं स्वतःवर चिडले, मग चिडणंही संपलं. करण्यासारखं काहीच उरलं नाही तेव्हा एकदम डोक्यात आलं, काल बाबांचं वर्षश्राद्ध होतं. भावाचा फोन आला होता. 'रात्री करते' म्हणून मी ठेवला होता.

त्या बाकड्यावरची अर्धा-पाऊण तासाची बैठक हा त्या महिन्यातला माझा पहिला रिकामा वेळ, आणि तोही गाडीत डुलकी लागली म्हणून मिळालेला. त्याला आता तीन वर्षं झाली. मधल्या काळात वेळेची जी मोडतोड केली, त्यातलं जे टिकलं ते पायरीपायरीने लिहिते आहे. पहाटे साडेचारला उठून ध्यान करा, असला सल्ला यात नाही. साडेचारला उठून डबे भरणाऱ्या बायकांना असा सल्ला देणाऱ्याची मला गंमत वाटते.

सुरुवातीला एका शब्दाबद्दल. आपण 'फावला वेळ' म्हणतो, म्हणजे कामाधामातून उरेल तो. मुंबईत तो उरत नाही. काम संपलं की प्रवास, प्रवास संपला की घर, आणि घर तर संपतच नाही. 'उरला तर घेऊ' या खात्यात विसावा टाकला की तो बुडीत खात्यात गेला असं समजा. ८.१७ची गाडी आपण वेळ मिळाला तर पकडत नाही. तिच्या हिशोबाने बाकीचं आवरतो. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका कल्पनेवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: आठवड्याचा जमाखर्च

एक साधी छोटी वही घ्या. फोनमधलं अ‍ॅप नको, कारण फोन उघडला की नोंद राहते बाजूला. सात दिवस, दिवसातून तीनदा लिहायचं: सकाळी गाडीत, जेवणाच्या सुट्टीत आणि झोपण्याआधी. अर्ध्या तासाच्या हिशोबाने, जे केलं तेच. वही कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे खोटं लिहिण्याचं कारण नाही. तरी पहिले दोन दिवस आपण खोटं लिहितो. मी 'वाचन' लिहिलं होतं, वाचलं होतं ते साड्यांच्या सेलचं.

आठवड्याचे तास १६८. माझा पहिला हिशोब असा निघाला. ऑफिस ५०, शनिवार अर्धा धरून. रिक्षा, गाडी, स्टेशनपासूनचं चालणं असा रोजचा प्रवास साडेतीन तास, सहा दिवसांचे २१. झोप ४२, म्हणजे रात्रीची कशीबशी सहा. घरकाम २८. आंघोळ, जेवणखाण, आवरणं मिळून साडेदहा. बेरीज एकशे साडेएक्कावन्न. मी अकाउंट्सला आहे, ताळा जुळला नाही तर मला चैन पडत नाही. शिल्लक साडेसोळा तास निघत होती. एवढे तास माझ्याकडे होते? मग गेले कुठे?

वहीतच होतं. रात्री अंथरुणात पडल्यापडल्या फोन, रोज सव्वा तास, आठवड्याचे पावणेनऊ. रविवारी दुपारी टीव्हीसमोर चार. उरलेले पावणेचार एका बारशात आणि वाण्याकडे.

टीव्ही बघणं काही पाप नाही. पण त्या चार तासांत काय पाहिलं ते मला सोमवारी आठवेना. म्हणून वहीत आणखी एक रकाना आखा. नोंदीपुढे, ते केल्यावर बरं वाटलं असेल तर बरोबरची खूण, उलट शीणच आला असेल तर फुली. आठवडा संपला की फुल्या मोजा. हात आधी त्यांना लावायचा. कामाचे तास कमी करणं आपल्यातल्या बहुतेकांच्या हातात नसतं, फुल्या असतात.

कामाचा आकडाही डोळ्यांआड करू नका. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त, आणि हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडून मृत्यू येण्याचा १७ टक्के जास्त आढळला. हे कामाचे तास आहेत. गाडीतले एकवीस तास आपण मुंबईकरांनी वेगळे धरायचे.

मी पहिल्या महिन्यात एवढंच केलं: फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला आणि गजराचं घड्याळ विकत आणलं, कारण 'गजरासाठी फोन उशाशी लागतो' ही माझी आवडती पळवाट होती. सव्वा तासातला पाऊण तास झोपेत गेला. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप हवी असं डॉक्टर सांगतात. मी पावणेसातपर्यंत पोचले आहे आणि तिथेच अडकले आहे.

दुसरी पायरी: शीण कुठला आहे ते ओळखा

विश्रांती, विरंगुळा, करमणूक, विसावा हे शब्द आपण एकाच्या जागी दुसरा वापरतो. पण शीण एका जागेचा आणि औषध दुसऱ्या जागेचं असं झालं की रविवार जाऊनही सोमवार जड जातो.

ढोबळ तीन प्रकार धरा. शीण अंगाचा, डोक्याचा किंवा माणसांचा. दिवसभर खुर्चीत बसून आकडे बघणाऱ्याचं डोकं थकलेलं असतं आणि कंबर अवघडलेली असते. त्याने सुट्टीत सोफ्यावर आडवं होऊन पुन्हा स्क्रीन बघणं म्हणजे ऑफिसच घरी भरवणं. त्याने चालायला जावं, भाजी आणावी, माळ्यावरची पेटी काढून धूळ झटकावी. दुकानात दहा तास उभ्या असलेल्या मुलीला कुणी मॉर्निंग वॉक सांगू नये. तिने पाय उशीवर ठेवून खुशाल पडावं.

तिसरा प्रकार आपल्याकडे कुणाच्या लक्षातच येत नाही. माझी जाऊबाई शिक्षिका आहे. रविवारी पाहुणे आले की ती कपडे वाळत घालायला गच्चीवर जाते आणि अर्धा तास खाली येत नाही. आम्हाला वाटायचं, शिष्ट आहे. आता कळतं, साठ मुलांशी आठवडाभर बोलून तिचे शब्द संपलेले असतात. नर्स, बँकेच्या काउंटरवरचे लोक, कंडक्टर, सगळ्यांना हा शीण असतो. त्यांच्या विसाव्यात माणूस नको. उलट घरून एकट्याने काम करणाऱ्याला कट्टा लागतो, चहाची टपरी लागते.

ज्याचं कामच सुटलं आहे त्याचं वेगळं. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. बाबा लालबागच्या एका गिरणीत होते. त्यानंतर त्यांच्याकडे वेळच वेळ होता, पण त्याला विसावा म्हणायची कुणाची छाती नव्हती. सकाळी नळाला पाणी आलं की ते भरायचे, दहाला बाजारात एक फेरी, संध्याकाळी मंडळाच्या कार्यालयात पेपर. वेळा त्यांनी स्वतःच ठरवल्या होत्या आणि घड्याळ लावावं तशा पाळायचे. बेकार माणसाला 'आता जरा आराम कर' म्हणू नये. त्याच्या दिवसाला आकार लागतो, आराम नंतर.

तिसरी पायरी: भोंगा

गिरणीचा भोंगा झाला की पाळी बदलायची. बाबांच्या साच्यावर, म्हणजे मागावर, पुढच्या पाळीचा माणूस उभा राहायचा. काम घरी यायला वाटच नव्हती. पहिल्या पाळीहून आले की चाळीच्या गॅलरीत खुर्ची टाकून चहा घेत बसायचे, पंधरा मिनिटं. तेवढ्या वेळात कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही. "बसू दे त्यांना," आई म्हणायची. आम्हाला वाटायचं ते रागावले आहेत. ते फक्त गिरणीतून घरी येत होते. अंग आधी आलेलं असायचं, बाकीचे मागून.

आमच्या फोनला भोंगा नाही, म्हणून तो तयार करावा लागतो. मी केला तो असा.

निघायच्या आधीची दहा मिनिटं कामाला द्यायची नाहीत. त्यात अर्धवट राहिलेली कामं कागदावर लिहायची, आणि प्रत्येकापुढे उद्याची पहिली हालचाल. नुसतं 'जीएसटी' नको, 'जीएसटी: दोन पार्टींची बिलं मागवणे' असं. संपलेल्या कामापेक्षा अर्धवट काम माणसाच्या जास्त लक्षात राहतं, असं ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्येच मांडलं होतं. भाजी फोडणीला टाकताना आपल्याला बिलं आठवतात ती याचमुळे. कागदावर उतरलं की डोकं ती राखण सोडून देतं, निदान माझं तरी बरंचसं सोडतं.

मग चहाचा कप धुऊन उपडा ठेवायचा. हा माझा भोंगा. तुमचा ड्रॉवरला कुलूप लावण्याचा असेल, कॉम्प्युटरवर रुमाल टाकण्याचा असेल. रोज तोच हवा. घरून काम करणाऱ्यांना तर हा फारच लागतो. माझा पुतण्या संध्याकाळी सातला लॅपटॉप बॅगेत घालून बॅग कपाटात ठेवतो आणि सोसायटीला एक चक्कर मारून 'घरी' येतो.

अवघड भाग वरिष्ठांचा. मी दोन आठवडे घोकून साहेबांना म्हटलं, "सर, रात्री साडेआठनंतर मी ग्रुप बघत नाही. तातडीचं असेल तर फोन करा, मी नक्की उचलेन."

"अहो, एवढ्यातेवढ्यासाठी फोन कुठे करू?" ते म्हणाले.

तेच तर. मेसेज टाकायला काही लागत नाही, फोन करायला कारण लागतं. तीन वर्षांत रात्रीचे फोन मोजून अकरा आले आणि अकराही खरोखर तातडीचे होते. मार्चचे शेवटचे दहा दिवस आणि ऑडिटचा आठवडा मी या नियमातून आपणहून सोडले आहेत, आणि ते त्यांना आधीच सांगितलं आहे. सरसकट 'नाही' म्हणणाऱ्यापेक्षा अपवाद सांगून 'नाही' म्हणणाऱ्याचं ऐकलं जातं असा माझा अनुभव. नवीन नोकरीतल्या पोरांना हे लगेच जमणार नाही, मान्य. त्यांनी साडेआठच्या जागी साडेदहा धरावं, पण काहीतरी धरावं.

चौथी पायरी: गाडीतले तास

गाडीत कोर्सचे व्हिडिओ बघा, इंग्रजी सुधारा, असं सांगणारे बहुधा गाडीने जात नाहीत. तिघींच्या बाकाच्या कडेला चौथ्या सीटवर अर्धं टेकून बसलेल्या माणसाकडून आणखी काय काढायचं?

मी जातानाचा प्रवास दोन तुकड्यांत वाटला. डोंबिवलीपासून फोन चालेल: घरचे मेसेज, विजेचं बिल, मुलाला 'गॅस बंद केलास का'. मुंब्र्याचा डोंगर दिसला की फोन पर्समध्ये. तिथून सीएसएमटीपर्यंत काही नाही. बसायला मिळालं तर पुस्तक, नाही तर उभं राहून बाहेर बघणं. पहिला आठवडा हात आपोआप पर्सकडे जायचा. दुसऱ्या आठवड्यात कांजूरमार्ग आणि विक्रोळीच्या मध्ये मला बाबांच्या भजनातली एक ओळ आठवली, जी पंचवीस वर्षांत आठवली नव्हती.

परतीचा डबा गप्पांचा. आमच्या ग्रुपमध्ये मेथी निवडली जाते, शेंगा सोलल्या जातात, दसऱ्याला तोरण लागतं, आणि कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते घाटकोपरच्या आत सगळ्यांना कळतं. हा विरंगुळाच आहे, त्याला वेळेचा अपव्यय म्हणू नका. फक्त ग्रुपला एकदा सांगून ठेवा की सकाळी मी बोलत नाही. चार दिवस नावं ठेवतील. पाचव्या दिवशी दोघीजणी तुमच्यासारख्याच गप्प बसतील.

आणि एक चैन: गुरुवारी संध्याकाळी मी स्लो गाडी धरते. वेळ जास्त लागतो, पण धक्काबुक्की कमी आणि प्रत्येक स्टेशनवर उतरणारी माणसं बघायला मिळतात. फास्टने वाचवलेली मिनिटं मी आजवर कशात गुंतवली, हे वहीत शोधून सापडलं नाही.

पाचवी पायरी: रजा जानेवारीत मांडा

हे पटकन सांगते, कारण यात तत्त्वज्ञान नाही, कारकुनी आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला सलग २४ तासांची सुट्टी, वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा, आणि वर्षात २४० दिवस काम भरलं की दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा, असं लिहिलेलं आहे. ही रजा ४५ दिवसांपर्यंत साठते. तुमच्याकडे काय लागू आहे ते एचआरकडून लेखी घ्या आणि कालनिर्णयच्या पानांवर मांडून ठेवा.

आपण रजा लग्न, आजारपण आणि गावचा गणपती यांत खर्च करतो. यातली एकही विसाव्याची नाही, हे ज्याने कोकणात जाण्यासाठी तिकिटांची मारामारी केली आहे त्याला सांगायला नको. म्हणून वर्षातले चार दिवस वेगळे काढा: तीन महिन्यांतून एक, आठवड्याच्या मधल्या वारी, कुणाच्या कार्याशिवाय. मधल्या वारी मुंबई वेगळीच असते. काळा घोड्याला डेव्हिड ससून वाचनालयाच्या मागे बाग आहे. १८७० च्या त्या दगडी इमारतीतून आत गेलं की रस्त्याचा आवाज पाठीमागे राहतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीला जाता येतं, मात्र उद्यान सोमवारी बंद असतं. राणीबाग बुधवारी बंद. मी पहिली रजा बुधवारी काढली आणि राणीबागेच्या कुलूप लावलेल्या फाटकासमोर उभी राहिले. मग तिथेच उसाचा रस प्यायले आणि भायखळ्याच्या गल्ल्यांतून दोन तास भटकले. तो दिवस वाया गेला असं म्हणवत नाही.

घरी सांगायचं का? मी पहिल्यांदा सांगितलं नव्हतं. आता सांगते.

सहावी पायरी: रविवार कोणाचा?

रविवार आपल्याला आयता मिळालेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत माणसं आठवड्याची सुट्टी नसताना, उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत होती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या, त्यात रविवारची सुट्टी होती आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांतीही. रविवार हाती यायला १० जून १८९० उजाडावा लागला. दुपारचा तो अर्धा तास आज आपण डबा कीबोर्डशेजारी उघडून स्वतःहून परत देतो. निदान जागेवरून उठून जेवा.

पण रविवारची सुट्टी घरातल्या सगळ्यांना सारखी मिळते का? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची ९७. माझ्या वहीतले आठवड्याचे २८ तास, म्हणजे दिवसाला चार, त्याहून कमीच, कारण सासूबाई भाजी चिरून ठेवतात. शनिवारी अर्ध्या दिवसाने परतलेला नवरा 'जरा पडतो' म्हणतो आणि मी आठवड्याचं दळण काढते, हे वीस वर्षं कुणाला खटकलं नव्हतं. मलाही नाही.

यावर भाषण देऊन काही होत नाही, मी दिलं आहे. वही उघडून दाखवली, त्याने झालं. आता वाटणी अशी: रविवारचा नाश्ता नवऱ्याचा, कपडे मशीनला लावणं ते घडी घालणं मुलाचं, संध्याकाळी साडेचार ते साडेसहा मला कुणी हाक मारायची नाही. 'मदत करतो' हा शब्द घरात बंद केला, कारण मदत मागावी लागते. काम नेमून दिलं की ते ज्याचं त्याचं. पहिले तीन रविवार पोहे गिच्च झाले. कुणी काही बोललं नाही, मी तर मुळीच नाही. एकदा बोललं की काम परत आपल्याकडे येतं. सासूबाईंना मात्र अजून वाटतं, त्या दोन तासांत मी काय करते हे त्यांना समजायला हवं.

करमणूक ठरवायची तर पैसे आधी भरा. 'कधीतरी नाटकाला जाऊ' यातून मी कधीच गेले नाही. आता महिन्याच्या सुरुवातीला डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिराचं नाही तर दादरच्या शिवाजी मंदिराचं तिकीट काढून फ्रिजवर लावते. तिकिटाचे पैसे बुडू न देण्याचा मराठी स्वभाव इथे कामाला येतो. आणि रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक बघा.

सातवी पायरी: स्वतःशी बसणं

विसावा आणि चिंतन एकत्र होत नाही, असं मला आढळलं. थकलेला माणूस विचार करायला बसला की तो काळजी करतो. म्हणून ही पायरी शेवटी. झोप थोडी सुधारली, शीण उतरायला लागला की मगच.

वेळ वीस मिनिटं, आठवड्यातून एकदा. जागेचा प्रश्न खरा आहे. वन-रूम किचनमध्ये एकांत कुठून आणायचा? आमच्या ओळखीतल्या एक काकू देवळात जातात, दर्शन झालं की मागच्या पायरीवर बसतात. देवळात बसलेल्या बाईला कुणी 'काय करतेस' विचारत नाही. कुणी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत, कुणी वाचनालयात, कुणी पार्क केलेल्या स्कूटरवर. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तासन् तास समोर बघत बसलेली माणसं मी लहानपणी रिकामटेकडी समजायचे. 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही म्हण आपल्या हाडात इतकी मुरलेली आहे की नुसतं बसलेलं दिसायचीच लाज वाटते. लाज वाटत असेल तर हातात जपमाळ किंवा वर्तमानपत्र धरा. मी धरलं आहे.

वहीच्या मागच्या पानांवर मी तीन प्रश्न लिहून ठेवलेत. या आठवड्यात कशाने बरं वाटलं? काय टाळलं? कोणाचं राहिलं? तिसरा प्रश्न टिटवाळ्याच्या बाकड्याने दिलेला आहे. उत्तरं एकेका ओळीची. मागच्या महिन्यातलं एक पान जसंच्या तसं: "बरं वाटलं: बुधवारी लंच टाइमला टाउन हॉलच्या पायऱ्यांवर, पाऊस. टाळलं: डोळे तपासणं, तिसऱ्यांदा. राहिलं: शेजारच्या आजींना त्यांचा डबा रिकामाच परत दिला." त्या पानातून एकच काम निघालं, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेणं. आजींना नारळाची वडी आपोआप गेली.

एका बैठकीतून एकच काम काढायचं, जास्त नाही. सात संकल्प काढले की आठवड्याने ते सातही फुल्या होऊन बसतात. आणि तोच विचार तिसऱ्यांदा फिरून आला की वही मिटायची, उठून चालायला लागायचं. ते चिंतन संपून दळण सुरू झाल्याचं लक्षण.

हेही लिहिते, कारण हे वीस मिनिटांत सुटणारं नसतं: दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, कशातच मन नाही, रडू येतंय किंवा काहीच वाटत नाही, असं असेल तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. बाबांच्या वेळी असं काही नव्हतं. संपानंतरच्या त्या दोन वर्षांत त्यांना काय होत होतं, ते आम्ही 'स्वभाव' म्हणून सोडून दिलं.

मोडतं तेव्हा

मोडणारच. गणपतीत मोडतं, मुलाच्या परीक्षेत मोडतं, मार्चमध्ये तर मी स्वतःच मोडते. पहिल्या वर्षी मला वाटायचं, दोन आठवडे खंड पडला म्हणजे सगळं पुन्हा पहिल्या पायरीपासून. तसं काही नसतं. मी आता खंड पडला की एकच गोष्ट परत लावते, रात्रीचा फोन स्वयंपाकघरात. बाकीचं महिनाभराने मागोमाग येतं, किंवा यातलं काही येत नाही. स्लो गाडीचा गुरुवार तीनदा बंद पडून चौथ्यांदा सुरू झालाय.

जुलैतल्या एका संध्याकाळी कुर्ला आणि शीवच्या मध्ये गाडी उभी राहिली. रुळांवर पाणी. पंखे बंद, डब्यात पन्नास फोनांचे उजेड. घरी कळवून झालं होतं, पुस्तक अंधारात वाचता येईना, म्हणून वही मांडीवर ठेवून मी खिडकीच्या गजांवरून ओघळणारं पाणी बघत होते. पाऊण तास तरी गेला असेल. समोरच्या बाईंनी पिशवीतून मेथी काढलेली. त्या माझ्याकडे बघत होत्या, बराच वेळ.

"ताई, रिकाम्याच बसलात ना?" शेवटी त्यांना राहवलं नाही. "घ्या, एवढी जुडी निवडा."

मी अर्धी जुडी घेतली, अर्धी त्यांना परत दिली.